तिचा आवडता पिक्चर

माझ्या अर्ध्या गालाचा साबण वाळत चालला होता आणि दिलीप न्हावी वस्तरा हातात धरून शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांशी भांडत होता. अंतराळातल्या त्या सात इंग्रजी पिक्चरांत वर कोणता आणि खाली कोणता, यावरून. फेसाळ बोटाने आरशावर आकडे लिहीत होता.

"मास्तर, तिसऱ्याला चौथा नंबर? शाळेत पण असेच पेपर तपासले काय?"

"अरे, पहिला चालला नसता तर तुझा तिसरा आला असता का?"

मला गंमत वाटली. जिथे कधी जायचं नाही त्या आभाळासाठी माणसं किती जीव तोडून भांडतात! तेवढ्यात दिलीप वळला. "काका, काकू तर सगळे बघायच्या. त्यांचा सगळ्यात आवडता कोणता?"

ही ते पिक्चर टीव्हीवर हिंदीत बघायची, शेंगा सोलत. "अहो, बसा ना जरा," म्हणायची. "उडते डबे काय बघायचे?" म्हणत मी बातम्या लावायचो. ती शेंगा उचलून आत जायची.

"तिसरा," मी ठोकून दिलं.

"बघा, काकू माझ्या बाजूच्या!"

मास्तर एकदम नरमले. "वहिनींचं मत असेल तर राहू दे."

खोटं बोललो याची लाज आहेच. पण खरं बोलायचं म्हटलं तरी ते माझ्यापाशी नव्हतं. ती गेल्यापासून घर खायला उठतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. ती होती तेव्हा एक पिक्चर संपेपर्यंत तिच्याजवळ बसलो नाही.