मशीनचा शेजार

भिला नानांना कुणी बिघडलेली वस्तू दाखवली की ते त्या वस्तूकडे बघायचेच नाहीत. आधी भिंत बघायचे, मग खिडकी, मग छत, मग घरातली माणसं. टीव्ही दुरुस्त करणारा बोलावलाय की घर विकत घ्यायला गिऱ्हाईक आलंय, असा प्रश्न पडावा. चहा येईपर्यंत पिशवीची चेनसुद्धा उघडायची नाही. कुणी घाई केलीच तर म्हणत, “पयले चहा, मंग पेचकस.” आणि कप खाली ठेवता ठेवता त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, “हाई मशीनना शेजारले कोन कोन ऱ्हास?”

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तोंडावर हसलो होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता आणि तो डोक्यात जाऊन बसला होता. मशीनच्या शेजारी कोण राहणार? मशीनला कसला आलाय शेजार? मशीनला सर्किट असतं. नानांचं शिक्षण म्हणाल तर धुळ्याला एका रेडिओच्या दुकानात वीस वर्षं हातात कावीळ झाल्यासारखा पिवळा बल्ब धरून काढलेली. तिथून ते जळगावला आले आणि पिंप्राळ्यात एका किराणा दुकानाच्या पोटात सहा फुटांची जागा घेऊन बसले. धुळं सोडलं, पण धुळ्याची बोली काही सोडली नाही. पिशवीत दोन पेचकस, एक टेस्टर, एक डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न आणि सायकलचा पंप. पंप धूळ उडवायला. निम्मा बिघाड त्या पंपानेच जातो असं त्यांचं मत होतं.

पहूरला माझ्या मावशीकडे त्यांना मीच घेऊन गेलो होतो. रोज संध्याकाळी तिच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि नेमका तिचा आवडता कार्यक्रम त्या मुंग्या खाऊन टाकायच्या. दोन जणांनी टीव्ही उघडून पाहिला होता. नानांनी उघडला नाही. दुपारपासून ओट्यावर बसून राहिले. साडेसहा वाजता पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी सुरू झाली, लगेच टीव्हीवर मुंग्या आल्या, आणि नाना उठले. अँटेना घरावरच्या धाब्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधला. चित्र स्वच्छ. पण मावशीचं तोंड काही स्वच्छ होईना. टीव्हीला हातच लावला नाही, म्हणजे हा माणूस काम चुकवतोय असं तिला वाटत होतं. नानांनी ते ओळखलं. मुकाट्याने मागचं झाकण काढलं, पंपाने चार फुंकरा मारल्या, झाकण लावलं आणि विचारलं, “आते कसं वाटस, अक्का?” मावशी म्हणाली, “हं, आता दिसतोय फरक.” परतीच्या एसटीत मी त्यांना म्हणालो, नाना, हे नाटक कशाला? तर म्हणाले, “टीव्ही बठ्ठा बरा शे. पन अक्काले बी बरं वाटाले पाहिजे ना.”

तर आता आमच्या कॅमेऱ्याची गोष्ट. त्यात माझी फार शोभा झाली आहे, पण नानांची ओळख करून द्यायची तर ती सांगणं भाग आहे.

आमचा केळीचा धंदा. आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेला एका व्यापाऱ्याच्या घरी जाऊन आले आणि आल्यापासून त्यांना चैन पडेना. त्या व्यापाऱ्याच्या फाटकावर कॅमेरा होता आणि आत बसून तो बाहेरचं सगळं बघायचा. जळगावात तोवर अशी चैन कुणी घरी केल्याचं आमच्या ऐकण्यात नव्हतं. आबांनी तो कॅमेरा आणि त्याचं चित्र टिपणारं मशीन मागवलंच. व्हीसीआरचाच मोठा भाऊ तो, एका कॅसेटवर दिवसरात्रीचं टिपून घ्यायचा. लाइट जाऊन आले तर आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. जोडणी केली मी, कॅमेरा ओट्यावरून फाटकाकडे तोंड करून बसवला. माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, एवढं अभ्यासाचं पुस्तकही कधी वाचलं नव्हतं.

पुढचा महिना आमच्या घरी नुसती जत्रा होती. फाटकाशी आलेला माणूस आधी केस नीट करायचा, मग बेल वाजवायचा. बायका पदर सावरायच्या. जामनेरच्या आत्याने तर कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला आणि आत येऊन विचारलं, “आलं का माझं नाव?” आबा रोज संध्याकाळी आदल्या दिवसाची कॅसेट लावून बसत. पोस्टमन येतो, शेळी जाते, शेळी परत येते. हे बघताना त्यांचा चेहरा असा असायचा, जणू ती शेळी त्यांनीच घडवली.

मग वैशाख तापला आणि कॅसेटमध्ये भोक पडलं. दुपारी दीडपर्यंत चित्र नीट, त्यानंतर एकदम साडेतीन-चार. मधलं काहीच टिपलेलं नाही. रोज. आबांनी मला बोलावलं. मी सगळ्या वायरी तपासल्या, नवी कॅसेट घातली, प्लग बदलला, कॅमेरा उतरवून पुन्हा चढवला. लाइट गेले म्हणावं तर त्या वेळी आतल्या खोलीत कूलर चालू असायचा, घरातले सगळे तिथेच आडवे झालेले. मी तिसऱ्या दिवशी निकाल देऊन टाकला. मशीनमध्ये दोष नाही. कुणीतरी हाताने बंद करतं.

आता दुपारी जागा असणारा माणूस घरात एकच. सुखदेव. बारा वर्षं आमच्या फाटकावर होता, पहूरकडचाच. खाट टाकून फाटकापाशी बसायचा आणि मशीन होतं ओट्याला लागून असलेल्या खोलीत, त्याच्यापासून दहा पावलांवर. मी आबांना म्हणालो, झोप काढतो, ते कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून बटण दाबतो, दुसरं काय असणार. किती सहज म्हणालो मी ते. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

आबा रागीट माणूस. त्यांनी ओट्यावर उभं राहून चारचौघांत सुखदेवला झापलं. सुखदेवने गळ्यातली शिट्टी काढली. मग शिट्टी आणि काठी ओट्यावर ठेवून म्हणाला, “आबा, झोपलो असतो तर सांगितलं असतं. बटण कोणतं ते मला ठाऊक पण नाही.” आणि खोलीवर जाऊन त्याने पेटी आवरायला घेतली. आईने मध्ये पडून कसंबसं सोमवारपर्यंत थांबवलं. पण त्या दिवसापासून त्याने आमच्या घरचा चहा बंद केला. समोर ठेवलेला कप तो उचलायचा नाही. आई तो तसाच आत आणायची आणि माझ्याकडे न बघता ओतून टाकायची.

नानांना निरोप पाठवला तोही आईनेच. मला ते मुळीच आवडलं नाही. डिप्लोमावाला मुलगा घरात असताना पंपवाला कशाला? शनिवारी नाना आले. भिंत, खिडकी, छत. चहा. आणि मग, “हाई मशीनना शेजारले कोन कोन ऱ्हास?” मी तोऱ्यात म्हणालो, कुणी नाही, खोली रिकामी असते. “दुपारले?” दुपारी तर मुळीच नाही. “कोनी देखेल शे का?” दुपारी दीड ते चार त्या खोलीत, त्या भट्टीत, मी एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. “उद्या देखू,” असं म्हणून नाना पंप घेऊन निघून गेले.

रविवारी साडेबाराला ते परत आले. मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, “आते बोलू नको.” आम्ही दोघं भिंतीला टेकून घामाच्या धारा पुसत बसलो. मशीन नीट चालू होतं. जेवणं उरकली, आतला कूलर सुरू झाल्याचा आवाज आला आणि घर शांत झालं. तेवढ्यात आई आली. हातात ओलं फडकं. आम्हाला बघून म्हणाली, “अजून सापडलं नाही का, नाना?” आणि बोलता बोलता तिने ते फडकं पिळून, चौघडी करून, मशीनवर पसरलं. पाण्याच्या माठाला गुंडाळते तसंच. वरून दोनदा थोपटलं. “रात्रंदिवस जागं असतं बिचारं,” ती म्हणाली. “हात लावला तर चटका बसतो. आपण कूलरमध्ये झोपायचं आणि याने तापत राहायचं. उठले की काढून नेते मी.”

ती आत गेली. थोड्या वेळाने मशीनच्या आत खट असा आवाज झाला, कॅसेट थांबली आणि काचेवर तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली. ड्यू. म्हणजे दव. ती अक्षरं मी ओळखली, कारण ते पान माहितीपुस्तकात होतं. आत दमटपणा शिरला की मशीन स्वतःच थांबतं आणि कोरडं झालं की आपोआप पुन्हा सुरू होतं, असं तिथे लिहिलं होतं. जळगावच्या माणसाला दवाचं काय घेऊन बसलात, असं म्हणून मी ते एवढं एकच पान उलटून टाकलं होतं.

नाना माझ्याकडे बघत होते. “तू आईले इचारं व्हतं का?”

“नाही.”

“सुखदेवले?”

“नाही.”

“मंग कोनले इचारं?”

“मशीनला,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नानांनी फडकं उचलून खांद्यावर टाकलं, झाकण काढलं आणि तासभर पंप मारत बसले. मी टेबलफॅन धरून उभा होतो. मशीन पुन्हा सुरू झालं. आवाजाने आई बाहेर आली, तिने नानांच्या खांद्यावरचं फडकं पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती मटकन उंबऱ्यातच बसली. “म्हणजे माझ्यामुळे त्या सुखदेवला…” नानांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. “तुमनं काहीच चुकनं नही, अक्का. हाई मशीन थंडा मुलुखनं शे. त्याले आपली माया समजनी नही.”

मला बरं वाटलं. चला, मशीनवर भागलं, असं मनात म्हणतोय तोच नानांनी दंडाला धरून मला ओट्यावर आणलं. “आबाले मी सांगसू, मशीनले दव लागस. दोष मशीनना नाववर टाकी देऊ, त्याले वाईट वाटत नही. पन माफी मशीन मांगाव नही. ती तुले मांगनी पडी. जा, आबा उठाना पयले.”

त्या उन्हात फाटकापर्यंतची दहा पावलं मला किती लांब वाटली. सुखदेव खाटेवर बसला होता, पेटी शेजारी. मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा नीट बोललोच नाही. त्याने पेटी खाटेवरून खाली ठेवली. मग सरकला आणि खाटेवर जागा केली. “बसा भाऊ,” म्हणाला, “ऊन लागेल.” त्या दोन शब्दांनी मला रडू आलं, आणि ते मी घामात खपवलं. मी तसाच हात जोडून उभा असताना मागून नाना बाहेर आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, टोपी सारखी केली आणि हात जोडून त्याला राम राम घातला. चित्र येतं का, एवढंच त्यांना तपासायचं होतं.

संध्याकाळी आबांना नानांनी दवाचं सांगितलं. “वैशाखात? जळगावात?” असं म्हणून आबा खो खो हसले. मग कॅसेट लावली. या वेळी भोक छोटं होतं. पावणेतीनला चित्र परत आलं आणि थोड्या वेळाने त्यात मी, हात जोडून, सुखदेवसमोर. आबांचं हसू थांबलं. त्यांनी कॅसेट मागे घेऊन तेवढं पुन्हा पाहिलं.  सोमवारी सकाळी सुखदेवचा चहा घेऊन आबा स्वतः फाटकावर गेले, आणि रिकामा कप घेऊनच परत आले.

नाना त्यानंतर चार वर्षांनी गेले. दुकानातच, चहा घेता घेता. पेचकस हातात घ्यायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं नीट करणाऱ्या या माणसाने स्वतःचं चित्र काढायचं मनावर घेतलं नव्हतं. मला ती कॅसेट आठवली. आबांनी ती कधी पुसू दिली नव्हती. आम्ही फोटोग्राफरला घरी बोलावलं, टीव्हीवर चित्र थांबवलं आणि त्याने पडद्याचाच फोटो घेतला. टोपी, जोडलेले हात, कोपऱ्यात दुपारच्या तीनची वेळ. मागे फाटकापाशी सुखदेव, आणि त्याच्यासमोर मी.

“ते मागचे दोघं कापून टाकू ना?” फोटोग्राफरने विचारलं.

नको म्हणालो. तो फोटो आता पिंप्राळ्याच्या दुकानात हार घालून लावलाय. मुलगा दुकान चालवतो. कुणी बिघडलेला टीव्ही घेऊन आलं की आधी नानांच्या पाया पडतं, आणि मग वाकून वाकून बघतं की मागे हात जोडून उभा असलेला तो माणूस कोण.