टोकावरची सात घरं

आईचं लग्न पाटणात झालं, पण माहेर कुंभार्ली घाटाच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथल्या उंच टोकावरचं. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्या टोकाबद्दल आईला कधी नीट विचारलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी एका कंपनीनं तिथं हॉटेल बांधायचं ठरवलं. मामेभावानं कंपनीची पुस्तिका पाठवली. ‘जागा ओसाड आहे, येथे कधीही वस्ती नव्हती.’ मी ते आईला वाचून दाखवलं.

“कवाच न्हवती? मग मी काय आभाळातनं पडले?”

हॉटेलबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला टोकाजवळ मंडपात सरकारी सुनावणी ठेवली होती. त्या दिवशी ऐंशीच्या घरातली आई माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

मंडपात तिनं उभं राहून सांगितलं, की टोकावर सात घरं होती, वादळात छपरं उडाली, म्हणून माणसं आत वाडीत राहायला गेली. अधिकाऱ्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, “आजी, काही पुरावा आहे का?”

लोक वळून बघायला लागले. मला संकोच वाटला. मी तिचा पदर ओढला. “आई, बस आता.”

तिनं माझा हात झटकला. “पुरावा हाय की. चला, दावते.”

निम्मा मंडप तिच्यामागं टोकावर गेला. वारा नुसता भणाणत होता. गुडघाभर गवतातून आई अंदाज घेत चालली, मग एका जागी खाली बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. कातळात कोरलेलं उखळ वर आलं. आतून गुळगुळीत, झिजलेलं.

“आमच्या घरातलं हाय. आईसंगं भात कांडलाय मी हितं. ओसाड म्हणं! मग हे भुतांनी झिजवलं व्हय, सायेब?”

तोवर वाडीतल्या बायकांनी आणखी दोन उखळं शोधली होती.

अधिकाऱ्यांनी जबाब लिहून घेतला. आईनं तो दोनदा वाचायला लावला, सात घरांचा आकडा ऐकला आणि मगच सही केली. परतताना घाटात ती शांत झोपली. मला मात्र गाडी चालवताना तिचा पदर ओढलेल्या हाताची लाज वाटत होती.

निकाल अजून लागलेला नाही. मध्ये कंपनीच्या माणसाचा फोन आला. “मॅडम, आजींचं वय झालंय, आठवणीत घोळ होतो. तुम्ही शिकलेल्या आहात, जरा समजवा त्यांना.”

“पुढच्या सुनावणीला मी बोलणार आहे,” मी म्हणाले. “टिपून घ्यायला वही आणा.”