तारा तोडलेला स्पीकर

मी गोरेगावला एका डबिंग स्टुडिओत साउंड बघते. दिवसभर कानाला हेडफोन. त्यामुळे कोणी "विचित्र आवाज आला" म्हटलं की मी आधी वायरिंग तपासायला सांगते. भूतबीत आमच्या घरात कोणी मानलंच नाही, पप्पा तर असल्या गोष्टींची टिंगल करायचे. तरी हे लिहितेय... कारण मागच्या उन्हाळ्यात आमच्या चारकोपच्या घरी जे झालं, ते मी एकटीने नाही ऐकलं.

पप्पा अंधेरीला कारखान्यात फिटर होते. आम्ही शाळेत असताना त्यांनी कुठूनतरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला — म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा, आणि बटण बंद केलं की सगळं पुसलं जायचं. त्यावर पप्पांनी स्वतः एक छोटीशी धून बसवली होती. काही नवीन जमलं की ती वाजवायचे, आणि आई हात पुसत "आले हो" म्हणत स्वयंपाकघरातून बघायला यायची. आतला स्पीकर फाटका होता. शेवटचा स्वर भुंग्यासारखा घरघरायचा.

पप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, पण कॉम्प्युटर आणि ती कॅसेट आईने जपून ठेवलीय. आईला हल्ली कानाच्या मशीनशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मशीन लावूनही ती धून नुसती खरखर वाटायची.

"एकदा नीट ऐकव ना गं मला," ती म्हणाली.

म्हणून एका रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ प्रशांत मुलुंडहून सोल्डरिंग आयर्न घेऊन आला. त्याने फाटक्या स्पीकरच्या दोन्ही तारा तोडल्या आणि तो टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला. कॉम्प्युटरमधून त्या स्पीकरला जिथून आवाज जायचा, तिथूनच नवी वायर काढली, गुणगुण जावी म्हणून मध्ये एक छोटा फिल्टर टाकला आणि ती माझ्या स्टुडिओवाल्या स्पीकरला जोडली. कॅसेट चढली. धून वाजली... एकदम स्वच्छ, एकेक स्वर सुटा.

"झकास ना?" प्रशांत म्हणाला.

आईने कानातलं मशीन चाचपलं. "ऐकू आलं रे सगळं. पण हे त्यांचं नाही वाटत."

प्रशांतचं तोंड उतरलं. मी कॉम्प्युटरचा प्लग काढला, म्हटलं आधी चहा घेऊ. आईने टोचतं म्हणून कानातलं मशीन काढून फ्रिजवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

आम्ही दोघं टेबलापाशीच होतो. आणि वर्तमानपत्रावरचा तो स्पीकर वाजला. बारीक आवाजात, पण पूर्ण धून — शेवटच्या घरघरीसकट. खालचा कागद थरथरताना मी पाहिला. प्रशांतने माझा हात घट्ट धरला होता.

"आले हो," आतून आई म्हणाली.

हात पुसत बाहेर आली, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. मग आमच्याकडे बघितलं. प्रशांतने मशीन आणून तिच्या कानात बसवलं.

"आई, तुला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं?"

धून जपून ठेवायची म्हणून माझा रेकॉर्डर सकाळपासून चालूच होता. नंतर मी ते ऐकलं. पंखा आहे, आतला भांड्यांचा आवाज आहे, मग आईचं "आले हो". नव्या स्पीकरवर वाजलेली धून आहे, पण "आले हो"च्या आधीची ती घरघरणारी धून नाही. प्रशांत म्हणतो, कुठला तरी रेडिओ सिग्नल पकडला असेल. मी विचारलं, मग तो पप्पांची धून कशी वाजवत होता, आणि मशीन नसताना आईला आतपर्यंत कशी ऐकू गेली? यावर तो विषय बदलतो.

संध्याकाळी जाण्याआधी त्याने फाटका स्पीकर होता तसा जोडून दिला. आईला मी त्यानंतर दोन-तीनदा खोदून विचारलं. शेवटी वैतागली.

"त्यांनी बोलावलं, मी गेले," ती म्हणाली. "तू कशाला एवढी चौकशी करत बसलीयस?"