काळ्या मातीचा अहवाल

मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तेव्हा आमच्याकडं शहरातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम आलं. दोन्ही बाजूंची दुकानं निम्मी-निम्मी कापली होती. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात खड्डे घेऊन मातीचे नमुने आणायचे, तपासायचे, एवढंच माझं काम. जुन्या रस्त्याखाली घट्ट मुरूम होता. नव्या पट्ट्यात मात्र वरचा राडारोडा सारला की हाताला चिकटणारी काळी माती. कपाशीला उत्तम, रस्त्याला वैरी. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. ती कंबरभर उकरून काढा, मुरूम भरा, पाण्याला वाट द्या, असं मी अहवालात लिहिलं.

रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांनी अहवाल उघडलाच नाही. हातात धरून वजन तेवढं बघितलं आणि कपाटात टाकला. म्हणून दोन दिवसांनी मी काचेची नळी घेऊन गेले. तळाशी त्याच मातीची थोडी भुकटी, वर पाणी. माती फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती. मी त्यांना नळीवरच्या रेघा दाखवल्या.

"मॅडम, रस्त्यावर असं पाणी कोण ओतणार?"

"पाऊस, सर."

"मराठवाड्यात पाऊस पडतो कुठं?"

शेजारी बसलेला ठेकेदार पोट धरून हसला. भूगोलाचा एवढा मोठा जाणकार रस्ते खात्यात वाया चाललाय, याचं मला वाईट वाटलं. मी नळी उचलून निघाले.

काळ्या मातीवरच रोलर फिरला. डांबर पडलं, फीत कापली, हारतुरे झाले. मग पाऊस न पडणाऱ्या त्याच मराठवाड्यात आठवडाभर झड लागली. नवा पट्टा आधी फुगला, मग उन्हानं खचला, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यात लांबच लांब भेग पडली. आमच्याकडं दूध घालणारे फुलंब्रीचे मामा त्या भेगेत मोटारसायकलचं चाक अडकून पडले. हात मोडला. मी भेटायला गेले.

"आमच्या रानात भेगा पडत्यात, ते ठावं हाय पोरी," ते म्हणाले. "पण ह्यांनी रस्त्याखाली बी रानच ठेवलं व्हय?"

मला हे आधीच माहीत होतं, असं सांगायची लाज वाटली. सांगितलं मात्र.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, माती खराब निघाली असं लेखी द्या."

"दिलंय, सर. तुमच्या कपाटात आहे."

"ते नको. त्याच्यावर कामाच्या आधीची तारीख आहे. आजची टाका."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं हसत हसत दिलं. सगळा गुन्हा मातीवर गेला. तिला काही बोलता येत नाही, ही खात्याची केवढी सोय! मी जुन्या अहवालाची प्रत मामांना दिली. त्यांनी ती तक्रारीला जोडली. मग भेगेत डांबर ओतायला माणसं आली.

मामांचा हात जुळलाय, पण खांद्याच्या वर जात नाही. दुधाचा कॅन ते आता डाव्या हातानं उतरवतात.