पाणी तापेपर्यंत

आमच्या चौकीदारबाबांना बक्षिशी चालत नसे. त्यांना उत्तर लागे.

भामरागडच्या वाटेवर जंगल खात्याचा एक बंगला होता, तिथले ते चौकीदार. पाहुणा उतरला की बाबा त्याचं सामान आत ठेवत, मागच्या अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी चढवत आणि पाहुण्याला पडवीतली खुर्ची देत. पाणी तापेपर्यंत त्यांचा एक सवाल व्हायचा. एकच. "साहेब, एक इचारू काय? मानसाले राग येते, तो पोटातून येते का डोक्यातून?" पाहुणा हसून उडवाउडवी करायला लागला, की बाबा चुलीतलं एक लाकूड हळूच मागे ओढत. उत्तर पुरं झाल्याशिवाय त्या बंगल्यावर कुणाचं पाणी तापलेलं मी पाहिलं नाही.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. माहेर वेंगुर्ल्याचं. चौथीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि राज्यांची नवी आखणी झाल्यावर यांची जंगल खात्यातली बाबूची नोकरी आम्हाला इकडे चांदा जिल्ह्यात घेऊन आली. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. चहूकडे साग. सागाचं वाळकं पान पडलं तरी पत्रा पडल्यासारखं वाजतं, आणि मी दर पानाला दचकायची. प्यायचं पाणी बंगल्याच्या विहिरीवरून आणायचं, म्हणून बाबांची ओळख झाली. ते मला बाई म्हणत आणि यांना बाबू. मी घागर भरेपर्यंत आदल्या पाहुण्याचं उत्तर मला ऐकायला मिळे, तेही ज्याचं त्याच्या नावावर. स्वतःच्या पदरचा एक शब्द ते त्यात घालत नसत.

एकदा एक निवृत्त न्यायाधीश आले. बायकोचा राग आला तर काय करावं, असं बाबांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पुढची तारीख द्यावी." बाबांना हे इतकं आवडलं, की महिनाभर गावात कोणी भांडताना दिसलं की ते लांबूनच ओरडायचे, "अरे तारीख द्या ना बाप्पा, तारीख!"

एक चित्रकार आठवडाभर नाल्याकाठी बसून होते. चित्र पुरं झालं हे कसं कळतं, या सवालावर ते म्हणाले, "जेवायला हाक आली की." बाबा खूश. "हा मानूस खरा हाय, बाई," ते मला म्हणाले, "बाकीचे मोठं मोठं बोलून राह्यले असते." त्या दिवशी चित्रकारांच्या ताटात माशाचा एक तुकडा जास्त पडला.

मनाचा अभ्यास केलेले एक प्राध्यापक आले, त्यांनी मात्र पाणी उकळून आटेपर्यंत भाषण केलं. मनाला तळघर असतं म्हणाले, माणूस नको ते सगळं तिथे टाकतो. बाबांनी त्या एका दिवशी आपला नियम मोडून दुसरा सवाल केला. "सोताच्या तळघरात उतरता काय कवा, साहेब? का लोकायच्याच?" संध्याकाळी प्राध्यापकांनी घरी लिहायला बाबांकडे पोस्टकार्ड मागितलं.

बाबांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. तरुणपणी वडशाकडे दंडारीत, तिकडच्या गावनाटकात, ते बाईचं काम करत. "लुगडं नेसून पाहा लागते," ते म्हणत, "तवा समजते, बाईले दिवसातून किती गोष्टी गिळा लागते."

माझ्या गिळलेल्या गोष्टी त्यांना दिसत असणारच. आमचे हे घरी बोलत नसत. यायचे, जेवायचे, कागद घेऊन बसायचे. हे मॅट्रिक, मी चौथी. मला पक्कं वाटायचं की यांना माझी लाज वाटते. पहिला पावसाळा जवळ आला तेव्हा भावाचं पत्र आलं, रस्ते बंद व्हायच्या आत निघून ये. शनिवारी लाकडाचा शेवटचा ट्रक आलापल्लीकडे जाणार होता. मी ट्रंक भरली. परत यायचं नाही, हे मी मनात ठरवलं होतं. यांना फक्त एवढंच सांगितलं, की चार महिने जाऊन येते. हे म्हणाले, "बरं." तेवढंच.

विहिरीवर मला रडू आलं, आणि हे घरी बोलत नाहीत ते मी बाबांना सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "मी इचारून पाह्यतो."

"कोणाला?"

"जो येईन त्याले. नाव नाई घेत तुमचं."

पण पावसाच्या तोंडावर बंगल्यावर कोण येणार? बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी आमच्या घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला माणसं आली. स्वयंपाकघर उघडं पडलं, चूल पेटवता येईना. बाबांनी निरोप धाडला, बाबूंनी आंघोळीला बंगल्यावर यावं. हे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दुपारी मी घागर घेऊन गेले तर बाबा विहिरीच्या काठावर बसलेले.

"इचारलं," ते म्हणाले. "एका बाईचा नवरा घरी बोलत नाई, काऊन असंन? बाबूनं उत्तर देल्लं."

मी घागर खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"ते नाई सांगत मी."

"असं काय, बाबा! साऱ्या जगाची उत्तरं सांगता आणि..."

"ते पावने होते, बाई. हे तुमच्या घरचं हाय. मांजरीनं पिल्लू आनून ठेवावं तसं मी तुमच्या पुढी आनून ठेवू काय? इचारा तुमी."

मला त्यांचा इतका राग आला, की घागर अर्धीच भरून मी परत फिरले. आयुष्यात मी कोणाला काही विचारलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही. घरी हे पडवीत बसून फुटके कवेलू वेगळे काढत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "अहो, तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?"

यांच्या हातातला कवेलू तसाच राहिला. मग म्हणाले, "आल्यापासून तुझे डोळे सुजलेले. मी तोंड उघडलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला घरी पोचवा. ते ऐकायचं नव्हतं मला." कवेलू बाजूला ठेवून म्हणाले, "बाबांनाही हेच सांगितलं. दुसऱ्या कोणाचं असेल असं समजून."

शनिवारी ट्रक गेला. ट्रंक राहिली. हे त्यानंतर काही फार बोलके झाले नाहीत, पण मी विचारू लागले, आणि विचारलं की हे सांगत.

तीन वर्षांनी आमची बदली झाली. ट्रकवर सामान चढलं. बाबा फाटकापाशी उभे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी सवाल केला नव्हता. मी पाहुणी नव्हते आणि शिकलेली तर नव्हतेच. त्या दिवशी त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

"बाई, एक इचारू काय?"

"मला?"

"तुमालेच. माही घरवाली वडशाले रायते. भांडन झालं, मी इकडे निंगून आलो. बारा वर्सं झाली. आता गेलो तं पैलं काय बोलू? लय मोठमोठ्याइले इचारलं, पन हे कोनालेच नाई इचारता आलं."

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. न्यायाधीश, प्राध्यापक, कोणीच मला आठवेना. मी म्हटलं, "बोलू नका, बाबा. तिला विचारा. काहीही विचारा. भाजी काय केली, एवढं विचारलं तरी चालेल."

बाबांनी ओठ हलवून ते वाक्य मनाशी एकदा म्हणून पाहिलं. ट्रक हलला, तेव्हा ते पुन्हा म्हणून पाहत होते.