सैल केले, सोडले नाही

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझी जुनी विद्यार्थिनी पॅकिंगला होती. मशीनच्या पट्ट्यात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत जबाब इंग्रजीत द्यायचा होता, म्हणून तिने मला सोबत नेलं. मी निवृत्त इंग्रजीची शिक्षिका.

मॅनेजर चहात बिस्किट बुडवून खात होता. तिच्या बँडेजला औषधाचा उग्र वास येत होता, तरी त्याचं खाणं थांबेना.

"सुपरवायझर म्हनले, माल अडकलाय, झाकन जरा सैल कर," ती म्हणाली. "मी पान्यानं नट सैल केले. काढले न्हाईत. झाकन आपोआप सरकलं."

मी लिहिलं, 'लूजन्ड'. मॅनेजरने कागद ओढला, शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'अनफास्टन्ड'. मशीनवरच्या इंग्रजी पाटीत तोच शब्द होता: चालू मशीनचं झाकण अनफास्टन करू नये. म्हणजे नियम तिनेच मोडला असं ठरणार.

"लूजन काय, अनफास्टन काय, अर्थ एकच. तुम्हीच शिकवता ना मॅडम?"

ते खरं होतं. वर्षानुवर्षं मी अनटाय, अनडू, अनफास्टन, लूजन हे सगळे फळ्यावर एका ओळीत लिहून पुढे 'सोडणे' लिहिलं होतं. हिनेही ते पाठ केलं होतं. नाडी सैल करणं आणि सोडणं यातला फरक तिला घरी कळत होता, तो मी वर्गात पुसून टाकला होता.

"एकच नाही," मी म्हणाले. "पोट भरलं की तुम्ही पट्टा सैल करता. चारचौघांत सोडत नाही."

त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "सही कर."

"बाई, करू?"

"नको. कोरा कागद घे आणि मराठीत तुझं तू लिही."

ती डाव्या हाताने लिहू लागली. अर्धा तास लागला. मॅनेजरने आणखी चहा मागवला, आम्हाला विचारलंही नाही. 'सैल केले, सोडले नाही' याखाली तिने दोन रेघा ओढल्या. पोच घेतल्याशिवाय मी उठले नाही.

चौकशीत तिच्यावर दोष आला नाही. सुपरवायझरला कोणी काही विचारलं नाही. पाटी अजून इंग्रजीतच आहे.

परवा ती एसटी स्टँडवर भेटली. आता लेबल लावायच्या खात्यात आहे. "डाव्या हाताचं अक्षर लई सुधारलं बाई," म्हणाली.