शोगुनसमोर प्रोबेशन

आई रोज फोनवर विचारते, "आज काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." खोटं असतं ते! म्युझियमच्या नोकरीत रोज काहीतरी होतंच, आणि सगळं सांगितलं तर आईला झोप लागणार नाही.

काम साधं. शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतून जपानला गेलेले युरोपियन आणि तिथले सत्ताधीश, या प्रदर्शनातून लोकांना फिरवायचं. बॉस मिस तान. प्रोबेशन संपताना त्या 'कन्फर्म' म्हणाल्या तर सिंगापूरचा वर्क पास कायम, नाहीतर पुण्याचं तिकीट!

*

इथल्या ईस्ट कोस्ट भागातल्या एका सोसायटीतल्या मराठी बायकांचा ग्रुप आला. मी घाईघाईत सांगितलं, एका जपानी सरदारानं पोर्तुगिजांकडून बंदुका घेतल्या, लोहाराला दाखवल्या, आणि बघता बघता तशाच बंदुका जपानमध्ये बनायला लागल्या.

"म्हणजे मापाचा ब्लाउज शिंप्याकडे टाकायचा!" एक काकू म्हणाल्या.

सगळ्यांना कळलं. माझं पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही.

*

कांबळेकाका आमचे व्हॉलंटियर गाइड, रिटायर्ड केमिकल इंजिनिअर. नागासाकीच्या मॉडेलपाशी मी सांगत होते, "डच व्यापाऱ्यांना या इवल्याशा बेटावर ठेवलं होतं. एकच पूल, त्यावर पहारा, परवानगीशिवाय ये-जा बंद..."

"अगं सायली!" काका मागून एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझा माइकच पडला. "पूल, पहारा, पास! इथल्या जुरोंग बेटावरच्या केमिकल कारखान्यात मी जन्मभर दुसरं काय केलं?"

*

काकांची नात इथेच वाढलेली, बोलणंही इथलंच, वाक्याच्या शेवटी 'लाह' हवंच. तिला म्हटलं, शोगुनला, म्हणजे जपानच्या सर्वात बड्या सरदाराला, जहाजातून चक्क हत्ती भेट आला. त्यानं परत पाठवला.

"हिज मम्मी से कॅनॉट, लाह!"

*

आणि तो शुक्रवार. प्रदर्शनाला पैसे देणारे जपानी आजोबा येणार होते. मिस तान म्हणाल्या, "टूर तू दे. मग तुझं ठरवू."

मी भराभर बोलत होते. "डच कप्तान शोगुनसमोर गुडघ्यांवर रांगत जायचा, जमिनीला डोकं टेकवायचा. पडद्याआडून शोगुन फर्मावायचा, आता नाचून दाखवा..."

तेवढ्यात प्रदर्शनाच्या स्पीकरवर जहाजाची तोफ धडाडली आणि मी दचकून डोळे मिटले!

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते. गुडघे टेकलेले, कपाळ आजोबांच्या बुटांपाशी.

आजोबांनी खाली पाहिलं. गंभीरपणे विचारलं, "अँड द डान्स?"

मी मान वळवून मिस तानकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"डान्स, लाह."